मटार : शून्य किलो

एका सामायिक बागेत माझा एक वाफा होता तेव्हाची गोष्ट. हंगाम संपला की तिथे एक तक्ता भरून द्यावा लागे. पिकाचं नाव, लागवडीची तारीख आणि शेवटच्या रकान्यात ‘उत्पन्न, किलोमध्ये’. टोमॅटो, काकडी, घेवडा यांचे आकडे मी अंदाजपंचे भरले. मटारपाशी अडलो. दोन-अडीच महिने वेल जपले होते, शेंगाही लगडल्या होत्या, पण त्यातली एकही घरी पोचली नव्हती. वाफ्याशी उभ्या उभ्याच मी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांनी त्या सोलून फस्त केल्या होत्या. खरं तेच लिहावं म्हणून रकान्यात शून्य टाकलं. काही दिवसांनी त्यावर शेरा आला : पुढील वर्षी हे पीक घेऊ नये.

शेरा मारणाऱ्यावर माझा राग नाही. वरून आलेला प्रश्न त्याने खाली धाडला, इतकंच. पण तो प्रश्नच चुकीचा आहे, आणि अशा बागांची बाजू मांडणारे आपण सगळे तो बरोबर आहे असं धरून उत्तरं देत बसतो, ही माझी तक्रार आहे. शहरात माणसांना भाजी पिकवायला जागा का द्यावी? तर पैसे वाचतात म्हणून, तब्येत सुधारते म्हणून, हवामानाला हातभार लागतो म्हणून, उद्या संकट आलं तर आधार होईल म्हणून. स्वतः पिकवलेलं खाण्यात भारी सुख आहे, हे कारण अर्जात कोणी लिहीत नाही. लिहिलं तर ‘हौस’ म्हणून अर्ज बाजूला पडेल, अशी धास्ती असते. मला वाटतं, सगळ्यांत भक्कम कारण तेच आहे. बाकीची थोडी हलवून पाहिली तरी डुगडुगतात.

पैशांचं आधी उरकून टाकू. माती, कुंड्या, जाळी, खत, झारी, आधाराच्या काठ्या हे सगळं नव्याने घेणाऱ्याचा पहिल्या वर्षीचा टोमॅटो म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बी घरचं धरलं, खत ओल्या कचऱ्यातून केलं आणि चिकाटीने वर्षानुवर्षं टिकून राहिलं, तर हिशेब जुळतोही. पण तेव्हाही आपल्या वेळेची मजुरी शून्य धरावी लागते.

स्वावलंबनाचा दावा तर साध्या गुणाकारापुढे टिकत नाही. १०० ग्रॅम टोमॅटोत १८च्या आसपास कॅलरी असतात. दिवसाला २००० कॅलरी लागतात असं धरलं, तर एका माणसाला रोज ११ किलो टोमॅटो खावे लागतील. बटाटा त्या मानाने बरा. पण एकूण माणसाचं पोट भरतं ते धान्य, कडधान्य, तेलबिया आणि कंदांवर, आणि त्यासाठी लागणारी जमीन कोणाच्या गच्चीत किंवा परसात मावत नाही. घरची बाग ताटाचा एक कोपरा सजवते. तो कोपरा मोलाचा आहे, पण त्याला ताट म्हणू नये.

हवामानाचं कारण अलीकडे फार चालतं. २०२४ साली ‘नेचर सिटीज’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने त्याची पंचाईत केली. फ्रान्स, जर्मनी, पोलंड, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांतल्या ७३ शहरी शेतं-बागांचा हिशेब मांडल्यावर असं दिसलं, की तिथल्या फळं-भाज्यांमागचं कार्बन उत्सर्जन नेहमीच्या शेतमालाच्या सरासरी सहापट आहे. कारण पाहिलं तर गंमत आहे. दोष भाजीचा नाही, भाजीभोवतीच्या थाटाचा आहे : उंच वाफ्यांच्या चौकटी, शेड, पायवाटा, अवजारं. एवढं सगळं उभं करायचं आणि चार-पाच वर्षांत बाग उठवायची, मग किलोमागे भार वाढणारच. जुनं सामान वापरलं आणि बाग बरीच वर्षं त्याच जागी राहू दिली, तर तो उतरतो. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे. पण ‘भाजी पिकवा, पृथ्वी वाचवा’ हा फलक तूर्त उतरवलेला बरा.

तब्येतीचं खरं आहे. वाकणं, उठणं, उन्हात थोडं राहणं, हिरवं खाणं हे सगळं चांगलंच. रोज फिरायला गेलं आणि बाजारातून भाजी आणली तरी ते साधतं.

मग उरतं काय? उरतो तो मटार. वेलीवरून शेंग तुटली, की आतल्या दाण्यातली साखर पिठूळ होऊ लागते. मक्याचंही तेच. गोड मक्याच्या जुन्या वाणांत, उकाड्याच्या दिवशी, निम्म्याहून जास्त साखर २४ तासांत पिष्टमय होऊन जाते. थंडाव्यात ठेवलं तर वेग मंदावतो, आणि गोडी जास्त दिवस धरणारे नवे वाणही निघाले आहेत. तरीही वेलीपाशी उभं राहून खाल्लेला मटार आणि तीन दिवसांचा प्रवास करून आलेला मटार यांचं नाव एक आहे, एवढंच.

टोमॅटोची कथा याहून बोलकी आहे. लांबच्या बाजाराला जाणारा टोमॅटो हिरवा असताना किंवा रंग नुकता फिरू लागताना तोडतात. मग इथिलीन वायूच्या मदतीने तो पिकवतात. लाली येते, पण वेलीकडून यायची राहिलेली साखर कुठून येणार? शिवाय पिकवणाऱ्यांना सगळी फळं एकसारखी पिकलेली हवी होती. घरच्या जुन्या वाणांच्या टोमॅटोला देठाभोवती गडद हिरवे खांदे असतात. ते नसलेली, सर्वत्र सारखी फिकट हिरवी फळं देणारी झाडं पैदासकारांनी सुमारे ७० वर्षं निवडली. २०१२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्या निवडीचं गुपित उलगडलं. ज्या जनुकातल्या बिघाडामुळे खांद्यांचा हिरवा रंग जातो, तेच जनुक फळात हरितलवकं, म्हणजे उन्हातून साखर बनवणारे हिरवे कण, वाढवायला मदत करतं, आणि फळ आपली थोडी साखर तिथे स्वतः बनवतं. दिसण्यासाठी निवड केली आणि चव नकळत गळून पडली. २०१६च्या आणखी एका अभ्यासात पाच अंश तापमानात आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोंचा वास देणारी द्रव्यं घटलेली आढळली. साखर आणि आंबटपणा जागेवर होते, गेला होता तो सुवास, म्हणजे ज्याला आपण टोमॅटोची चव म्हणतो त्याचा मोठा भाग. टोमॅटो फ्रिजबाहेर ठेवणाऱ्या सगळ्या आज्यांनी हे वाचून मान डोलावली असती.

यात कोणाचं पाप नाही. पेटीत न फुटणारा, आठवडाभर न सडणारा, स्वस्त टोमॅटो कोट्यवधी माणसांना बारा महिने मिळतो, हे लहानसहान काम नव्हे. पण बाजारासाठी उभं राहणाऱ्या फळाला किती परीक्षा द्याव्या लागतात बघा : साल जाड हवी, आकार सारखा हवा, तोडणी एकदम हवी, टिकाऊपणा हवा. चवीचा नंबर या सगळ्यांच्या मागे. परसातल्या झाडाला मात्र एकच परीक्षक असतो, आणि तो चार पावलांवर राहतो. साल इतकी पातळ की नुसत्या बोटांच्या दाबाने फुटावी, असा वाण घरीच लावता येतो, कारण त्याला वेलीपासून तोंडापर्यंतच जायचं असतं.

इथे एक शंका रास्त आहे. हे सगळं मनाचे खेळ तर नाहीत? आपलं कार्टं सगळ्यांनाच गुणी वाटतं. २०१२ साली काही संशोधकांनी लोकांना घड्या घालून कागदाचे पक्षी करायला, ठोकळे जोडायला लावलं. लोकांनी आपल्या ओबडधोबड वस्तूंची किंमत परक्यांपेक्षा बरीच जास्त लावली. फर्निचर घरी जोडायला देणाऱ्या कंपनीच्या नावावरून याला ‘आयकिया परिणाम’ म्हणतात. माझ्या टोमॅटोतही तो असणार, मी नाकारत नाही. मात्र त्याच प्रयोगांत असंही दिसलं होतं, की काम अर्धवट राहिलं किंवा केलेली वस्तू मोडून टाकली, तर ही माया आटते. बागेत दोन्ही सतत घडतं. निम्मी रोपं तडीस जात नाहीत, आणि जी जातात ती आपण चावून खातो, म्हणजे मोडतोच. तरी माणूस पुढच्या हंगामात पुन्हा बी भिजत घालतो. तेव्हा सगळं श्रेय मायेला देऊन चालणार नाही.

खरं तर खाण्याचं सुख इथे जेवणाच्या पंधरा मिनिटांत संपत नाही, ते दोन-तीन महिने मागेपर्यंत पसरलेलं असतं. फूल येऊन गेल्यावर टोमॅटो पिकायला दीड-दोन महिने लागतात. त्या काळात तुम्ही रोज पाच मिनिटं त्याच्याकडे बघता. पानाच्या बगलेतून येणारी फूट, म्हणजे बगलफूट, खुडताना बोटांना पिवळट-हिरवा रंग लागतो आणि एक उग्र वास बसतो. हात धुताना फेसही हिरवा येतो. पाऊस पडून गेल्यावर मातीला वाफसा (ना चिखल, ना कोरडी, अशी बेताची ओल) कधी आला हे हातात ढेकूळ घेऊन कळायला लागतं. कोवळ्या शेंड्यावर मावा ही रस शोषणारी बारीक कीड दिसते, त्याच्या गोड स्रावासाठी मुंग्यांनी मांडलेली राखण दिसते, आणि दोन दिवसांनी कुठूनशी ढालकिड्याची काटेरी अळी येऊन तो मावा फस्त करताना दिसते. करमणूक म्हणून याची बरोबरी करणारं फार थोडं मला माहीत आहे. काकडी तर लपंडावच खेळते. काल बोटाएवढी असते, आज पानाखाली सापडतच नाही, आणि चौथ्या दिवशी मनगटाएवढी जाड, पिवळी, बियांनी भरलेली होऊन हाती येते. बटाटा उकरणं याहून वर. खुरपं जपून घालावं, तरी एखादा चिरला जातोच. मातीतून पहिला पिवळा गोळा वर येतो तेव्हा मोठी माणसंही ओरडतात, हे मी पाहिलं आहे.

आणि फजिती. एका वर्षी माझी सगळी काकडी कडू निघाली. उन्हाच्या ताणात पाणी कधी दिलं, कधी चुकवलं, आणि वेलीने कडूपणाचं संयुग फळात भरलं. शेजारच्या वाफ्यावरच्या बाईंनी एक फोड चाखली, काही न बोलता बाजूला थुंकली आणि मला झारी भरून दिली. त्याच्या पुढच्या वर्षी भुरी या बुरशीच्या रोगाने पानं पिठात बुडवल्यासारखी केली.

याच जागी या लेखावरचा सगळ्यांत मोठा आक्षेप येतो, आणि तो मला टाळायचा नाही. माझी काकडी कडू निघाली तर त्याचा किस्सा होतो. शेतीवर पोट असलेल्याची निघाली तर त्याचं वर्ष जातं. जगातली ८० टक्क्यांहून जास्त शेतं दोन हेक्टरांपेक्षा लहान आहेत, आणि ती कसणाऱ्यांपुढे ‘मातीत हात घालण्याचा आनंद’ असलं काही बोलायची माझी छाती नाही. माझं सुख त्यांच्या धान्यावर उभं आहे. हरलो तरी रात्री जेवायला मिळणार, हे ठाऊक असल्यामुळे मी मजेत हरू शकतो. पण यावरून ते सुख खोटं ठरत नाही. खोल समुद्रात जाळी टाकणाऱ्याचं पोहणं आणि तलावातलं पोहणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून कोणी पोहायचे तलाव बुजवत नाही. सुखाला सुख म्हणावं आणि शेतीशी त्याची तुलना करू नये, एवढंच. उलट, किलोंचा हिशेब मांडणारेच बागवाल्याला छोटा शेतकरी बनवतात आणि मग तो नापास झाला म्हणून सांगतात.

उपयोगाच्या आधारावर उभ्या केलेल्या बागांचं पुढे काय होतं, हे इतिहासात दोनदा-तीनदा दिसलं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ‘विजयासाठी खणा’ अशी मोहीम निघाली. बागा, मैदानं, टॉवर ऑफ लंडनचा खंदकसुद्धा भाजीखाली आला. भाडेपट्ट्याच्या वाफ्यांची संख्या १४ लाखांच्या घरात गेली. अमेरिकेत दोन कोटींच्या आसपास ‘विजय-बागा’ झाल्या, आणि देशाच्या ताज्या भाजीपैकी ४० टक्के तिथून आली असा अंदाज सांगतात. १९४३मध्ये व्हाइट हाउसच्या हिरवळीवरही वाफे आले. मग युद्ध संपलं, दुकानं भरली आणि बहुतेक वाफे बंद पडले. कर्तव्य म्हणून खणत होते त्यांनी कुदळ ठेवली. जागा मोकळ्या दिसताच तिथे इमारती आल्या. आज ब्रिटनमध्ये असे वाफे तीन लाखांच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांसाठी रांगेत उभी असलेली माणसं लाखाहून जास्त. आता तर युद्ध नाही, टंचाई नाही. ही रांग कशासाठी आहे?

त्या रांगेला थोडा तरी अर्थ आहे, याचं श्रेय जुन्या कायद्याला. १९०८च्या कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये मागणी असेल तर वाफे पुरवणं हे स्थानिक परिषदेचं कर्तव्य आहे, आणि सहा मतदारांनी मिळून लिहून दिलं तरी तिला त्याचा विचार करावा लागतो. १९२५च्या कायद्याने अशी जमीन मंत्र्यांच्या संमतीशिवाय विकायला बंदी केली. जर्मनीने १९८३च्या कायद्यात वाफ्याची मर्यादा ४०० चौरस मीटर ठेवली. तिथे जागेचा साधारण तिसरा हिस्सा फळं-भाज्यांखाली असावा लागतो, नाहीतर लोक नुसती हिरवळ आणि आरामखुर्ची मांडून बसतील. या जर्मन बागांचं मूळही मजेशीर आहे. १८६०च्या दशकात लाइपझिगमध्ये पालकांच्या एका मंडळाने मुलांसाठी खेळाचं मैदान केलं. एका निवृत्त शिक्षकाने त्याच्या कडेला मुलांसाठी वाफे आखले. मुलांना त्याचा लवकरच कंटाळा आला. आई-वडिलांना आला नाही, आणि वाफे त्यांनी ताब्यात घेतले.

अलीकडे हक्काची भाषाही आली आहे. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२१मध्ये मतदान घेऊन आपल्या पसंतीचं अन्न पिकवण्याचा आणि खाण्याचा हक्क थेट राज्यघटनेत घातला. त्याआधी २०१९मध्ये फ्लोरिडाने घरापुढच्या भाजीबागांवर स्थानिक संस्थांना बंदी घालता येणार नाही असा कायदा केला, कारण एका गावाने, शोभा बिघडते म्हणून, एका जोडप्याला १७ वर्षं जोपासलेली भाजी उपटायला लावली होती. फुलं चालतात, पण कोबी चालत नाही, हे सौंदर्यशास्त्र माझ्या डोक्यावरून जातं. पण हक्क कागदावर आला तरी ज्याच्या घरापुढे अंगणच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? जगातली निम्म्याहून जास्त माणसं शहरांत राहतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या वाट्याला आलेली माती म्हणजे खिडकीतली एक कुंडी.

म्हणून प्रश्न सार्वजनिक जागेचा आहे, आणि तिथे लगेच विचारलं जातं : घरांना जागा नाही, तुम्हाला भाजीला हवी? घरं आधी, यात वाद नाही. पण घरं बांधतानाही आपण मैदान, बाग, वाचनालय यांच्यासाठी जागा सोडतोच. मैदानाला कोणी दरसाल किती गोल झाले ते विचारत नाही. वाचनालयातल्या कादंबऱ्यांतून किती पगारवाढ झाली याचा तक्ता कोणी मागत नाही. माणसांना खेळायला, वाचायला आवडतं, आणि सगळ्यांना आपापल्या घरात ते परवडत नाही, एवढं कारण पुरतं. मातीच्या वाट्याला हेच कारण का पुरू नये? दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : वाफा एकाला मिळतो आणि तो वीस वर्षं सोडत नाही, मग ते सार्वजनिक कसलं? त्याला उत्तर आहे ते लहान वाफ्यांचं. आठ-दहा चौरस मीटरही नवख्याला हंगामभर पुरून उरतात. हंगामभर खुरपं न लावणाऱ्याचा वाफा पुढच्याकडे जावा, हा नियम कडक असावा. पण जो राबतो त्याला दरवर्षी हलवू नये. बाग बरीच वर्षं जागेवर राहिली तर कार्बनचा हिशेब सुधारतो हे वर आलंच, आणि मातीही तिसऱ्या-चौथ्या वर्षानंतर कुठे हाताला लागते.

बाकी मागणं फार नाही. चालत जाता येईल इतक्या अंतरावर जागा, तिथे एक नळ, आणि वाटप करण्याआधी मातीची तपासणी. जुन्या रंगांतलं आणि जुन्या पेट्रोलमधलं शिसं शहरांच्या मातीत अजून पडून आहे, रस्त्याकडेला जास्त. कुठे माती बदलावी लागेल, कुठे फळभाज्याच लावाव्यात असं सांगावं लागेल, कारण पालेभाज्या आणि कंद यांच्यावर शिशाची माती जास्त बसते. हे काम एकट्या हौशी माणसाच्या आवाक्यातलं नाही, नगरपालिकेच्या आहे. आणि तक्ता ठेवायचाच असेल तर त्यात एकच रकाना ठेवावा : पुढच्या वर्षी वाफा हवा आहे का?

शेरा आला तरी दुसऱ्या वर्षी मी मटार लावलाच, एक ओळ जास्त. त्या खेपेस रकान्यात खराखुरा आकडा भरता आला : २०० ग्रॅम. तोडणीच्या दिवशी मुसळधार पाऊस होता, म्हणून शेंगा घरी न्याव्या लागल्या.